कंप्युटरसमोर सोडलेली मासळी

आधी चहा संपवा, मग सांगतो. हसताना चहा नाकात गेला की दोष माझ्यावर येतो, असा अनुभव आहे. खरं तर हा किस्सा माझी बायको सांगते. माझ्यासमोर सांगते, आल्यागेल्याला सांगते, आणि दर वेळी त्यात माझा एखादा नवा मूर्खपणा घुसडते. म्हटलं, त्यापेक्षा एकदा आपणच सांगून टाकावं. जेवढं शेण खाल्लं तेवढंच लोकांपर्यंत जाईल, वरची फोडणी तरी टळेल.

तर तेव्हा नव्वदीची नुकती सुरुवात होती आणि मी बोईसरला, कुंभवलीच्या बाजूच्या एका कारखान्यात स्टोअर कारकून होतो. कारखाना कापडाच्या रंगांचा. कामगार संध्याकाळी गेटबाहेर पडले की त्यांच्या कानामागे बघून सांगता यायचं, आज निळा निघाला की लाल.

आमचं घराणं मच्छीमारांचं. वडिलांपर्यंत सगळे दर्यावर गेले. बोटीवरून उलट्या करत परत आलेला घराण्यातला पहिला पुरुष मी. वडील लवकर गेले, मग आई आणि मी बोईसरला दोन खोल्यांत राहायला आलो. दर्या सुटला, पण मासळी कशी सुटणार? मासळी नसलेल्या जेवणाला आमची आई जेवण म्हणत नसे, ‘पोटाला आधार’ म्हणत असे.

आणि अशात आमच्या कारखान्यात कंप्युटर आला.

काय त्याचा थाट होता म्हणून सांगू! त्याच्यासाठी काचेची केबिन बांधली. आम्हा माणसांना एक पंखा, तोही मान मोडलेला, आणि त्या डब्याला एसी. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. साहेबसुद्धा बूट काढून, मोज्यांवर, पाय न वाजवता आत जायचे. आत काही बोलायचं झालं तर कुजबुजायचे. कंप्युटरला ऐकू जाईल अशी भीती होती की काय, कोण जाणे.

पण तो चालवणार कोण? मी पालघरला तीन महिन्यांचा एक कोर्स केला होता. त्यात शेवटच्या महिन्यात प्रत्यक्ष कंप्युटर दाखवला होता. तेवढ्यावर मी आख्ख्या कारखान्यातला तज्ज्ञ ठरलो. दिवसभर कुठल्या पिंपात किती माल शिल्लक आहे ते त्यात भरायचं, हे माझं काम. पाचला काम आटपायचं. साहेब पाचला निघायचे, आणि कारखान्याची बस साडेसहाला. मधला दीड तास मी, एसी आणि तो कंप्युटर.

अशा वेळी शहाणा माणूस डुलकी काढतो. मी खेळ बनवायला घेतला.

खेळ म्हणजे कंप्युटरवरचा. बेसिक नावाच्या भाषेत लिहायचा. ओळींना नंबर द्यायचे, दहा, वीस, तीस, आणि एकेका ओळीत कंप्युटरला हुकूम सोडायचे. ज्याच्या हुकमावर कारखान्यातला शिपाई पाण्याचा ग्लाससुद्धा हलवत नव्हता, त्याच्या हुकमावर पडद्यावर ठिपके पळू लागले. चढली हो मला.

आता माझा स्वभाव सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी आरंभशूर. पहिल्यांदा क्रिकेटचा खेळ केला. त्यात बोलर धावत यायचा, पण बॉल टाकायचा नाही, कारण तोवर मला सापशिडीची कल्पना सुचली होती. सापशिडीत शिड्या झाल्या, सापांच्या आधी मला विमान सुचलं. विमान उडालं, ते उतरवायचं राहिलं. माझ्या हिशेबाने ते अजून उडतंय. एक ना धड, भाराभर चिंध्या.

सातव्या वेळी दिवाळीनंतर मी ‘पापलेट पकडा’ सुरू केला. पडद्यावर वर होडी, खाली पाणी, पाण्यातून पापलेट जातं, बटण दाबलं की होडीतून जाळं पडतं. म्हटलं, हा खेळ आपल्या रक्तातला, हा तरी पुरा होणार. पण आधी खेळाचं नाव झोकदार यायला हवं ना? नावाच्या भोवती लाटा काढल्या. लाटा हलत्या केल्या. त्याखाली ‘निर्माता’ म्हणून माझं नाव, त्याखाली ‘दिग्दर्शक’ म्हणून माझं नाव. मग सुरुवातीला संगीत. कंप्युटरला आवाज एकच, पीं पीं असा, त्यात मी भजनाची चाल बसवत होतो. एकदा वॉचमन धावत आला, त्याला वाटलं बॉयलरची घंटा वाजली. नमनालाच घडाभर तेल म्हणतात ते हे. होळी आली तरी खेळात पापलेट आलेलं नव्हतं.

मन लागावं म्हणून मी काय काय नाही केलं? रंगीत पेनांनी टाइमटेबल केलं. ते इतकं सुंदर करायला घेतलं की त्यालाच चार दिवस गेले. ‘आज दहा ओळी’ अशी चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली ठेवली. ती मी रोज वाचत असे आणि रोज वाचून झाल्यावर बरं वाटत असे. ओळी मात्र जिथल्या तिथे.

याच सुमारास, मे महिन्यात, माझा साखरपुडा झाला. मुलगी दातिवऱ्याची, जयश्री. तिथल्या बालवाडीत शिकवायची. तिचे वडील गजामामा म्हणजे स्वतःची बोट असलेला नाखवा, आवाज असा की भर वाऱ्यात दुसऱ्या बोटीला ऐकू जावा. लग्नाची तारीख डिसेंबरात धरली. जयश्री मला मनापासून आवडली होती, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या माझ्या वागण्यावरून तुम्हाला ते वाटणार नाही.

आणि मग आला दसरा.

कारखान्यात दसऱ्याला यंत्रांची पूजा असते. त्या वर्षी कंप्युटरलाही मान मिळाला. शिपायाने त्याच्या पडद्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली, वर झेंडूचा हार घातला आणि एक फूल मोठ्या भक्तीने फ्लॉपी घालायच्या फटीत खोचलं. सगळे पेढे खायला गेले. मी चिमट्याने पाकळ्या काढत बसलो. शेजारी उभे होते मिश्राजी, आमचे बॉयलर ऑपरेटर. माझ्या खेळाबद्दल कारखान्यात एकट्या त्यांनाच माहीत होतं, कारण बॉयलरच्या घंटेवरून चौकशी करायला ते आले होते.

“खतम हुआ आपका मछलीवाला?” त्यांनी विचारलं.

“नहीं हुआ. मन नहीं लगता.”

“ऐसे नहीं लगेगा. हमारे चाचा ने कुआँ खोदा था. कसम खाई थी, जब तक पानी नहीं, तब तक आम नहीं. आप भी कुछ छोड़ो. जो सबसे प्यारा हो.”

समोर कंप्युटर, त्याला कुंकू लागलेलं, हार घातलेला. मला एकदम भरून आलं. मी हात जोडले आणि मनातल्या मनात म्हटलं, खेळ पुरा होईपर्यंत मासळी तोंडात घालणार नाही.

दारू सोडायची, तर मी पीत नव्हतो. विडी सोडायची, तर ओढत नव्हतो. दोडकी सोडली असती तरी चाललं असतं. पण नाही. मच्छीमाराच्या पोटी जन्मलेल्याने, लग्नाला अडीच महिने असताना, ऐन पापलेटाच्या दिवसांत मासळी सोडली. मिश्राजींना तेवढं सांगितलं. ते शाकाहारी, इतके खूश झाले की दुसऱ्या दिवसापासून घरून माझ्यासाठी दुधीच्या भाजीचा डबा आणू लागले.

आणि हे दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नव्हती. साहेबांचा कंप्युटर फक्त स्टोअरच्या कामासाठी. त्यावर मी पापलेटं धरतो हे कळलं असतं तर नोकरी गेली असती. आईला सांगायचं म्हणजे बोईसरच्या आख्ख्या मासळीबाजाराला सांगायचं. तेव्हा तोंडाला कुलूप.

पहिल्या संध्याकाळी आईने ताटात बोंबील वाढले. मी डाळ मागितली.

आई म्हणाली, “श्रावन तर कवाच सरला.”

“पोट बरं नाही.”

दुसऱ्या दिवशी पोट, तिसऱ्या दिवशी दाढ, चौथ्या दिवशी ‘आज वार कोणता’. आठवड्यात माझी कारणं संपली. आई बोलायची बंद झाली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघू लागली.

तुम्हाला वाटेल, निदान खेळ तरी सुसाट सुटला असेल. पहिले चार दिवस सुटला. पाचव्या दिवशी मी पापलेट काढायला घेतलं आणि तिथेच अडकलो. ते आधी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढायचं, मग त्या चौकोनांचे ठिपके कंप्युटरला सांगायचे. आणि उपाशी माणसाने मासा काढला की तो कधी पुरा होत नाही हो! आज शेपटी सुधारली, उद्या पोट जरा भरलं, परवा त्याच्यावर चिरे पाडले. होय, चिरे. मसाला आत जावा म्हणून पाडतात तसे. पाण्यात पोहणाऱ्या जिवंत माशाला मी तळायचे चिरे पाडून ठेवले होते.

ते कागद आईला माझ्या शर्टाच्या खिशात सापडले. एक नाही, नऊ. तिने मला थेट दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांपुढे ते नऊ कागद पसरले.

“मासळी खात नाय,” आई हळू आवाजात म्हणाली, “पन कागदावर काढतो. आनि खिशात घेऊन फिरतो.”

डॉक्टरांनी जीभ बघितली, डोळे बघितले, मग कागद बघितले. “चित्र चांगलं आहे,” म्हणाले आणि झोपेच्या गोळ्या दिल्या.

इकडे दातिवऱ्याची भिमीमावशी बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. गजामामा तिच्याबरोबर दर आठवड्याला होणाऱ्या जावयासाठी पापलेटं पाठवत. एकदा ती पापलेटं द्यायला थेट कारखान्याच्या गेटवर आली. मी बाहेरच्या बाकावर मिश्राजींबरोबर जेवत होतो.

भिमीमावशीने डब्यात डोकावून बघितलं. “ह्यो डबा कोनाचा? तुझ्या आयचा तं नाय.”

“मित्राच्या घरचा आहे.”

“दुधी?”

“दुधी.”

“आनि ही पापलेटं?”

मी म्हटलं, “मावशी, आज परत न्या. नको मला.”

बस्स. यापेक्षा मी साखरपुड्याची अंगठी परत पाठवली असती तर कमी बोभाटा झाला असता. पाठवलेली मासळी परत आली, असं दातिवऱ्यात कुणाच्या आठवणीत नव्हतं. भिमीमावशी टोपलीबरोबर बातमीही घेऊन गेली, आणि टोपलीपेक्षा बातमी आधी पोचली.

पुढच्या शुक्रवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, मला दातिवऱ्याला जेवायला बोलावणं आलं. पाट मांडलेला, भोवती रांगोळी. ताटात भरलेलं पापलेट, बाजूला कोळंबीचं कालवण, वर तळलेले बोंबील. समोर गजामामा, दाराआड सासूबाई आणि जयश्री, खिडकीत शेजारी. मला वासानेच घेरी येत होती. मी भाताला हात घातला, वरण मागितलं, आणि पापडाबरोबर जेवू लागलो.

पापडाचा आवाज तेवढा येत होता.

शेवटी गजामामा म्हणाले, “पोरा, मासळी ताजी नाय वाटत तुला?”

“तसं नाही मामा. एकदम ताजी आहे.”

“मग?”

“सध्या नको वाटते.”

“सध्या,” गजामामा म्हणाले. एवढंच. पण दाराआडून एक भांडं खाली पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ जयश्री आत निघून गेली. तिचा चेहरा मला दिसला नाही. मला वाईट वाटलं, इतकं वाईट की ते पापलेट उचलून एका घासात खावं असं मनात आलं. पण मग कंप्युटरवरचं कुंकू आठवलं. हा माझा करारीपणा बघा! जो आठ आठ महिने दहा ओळी लिहू शकत नव्हता, तो नेमका इथे भीष्म झाला.

त्यानंतर दातिवऱ्यात तर्कांना ऊत आला. कुणी म्हणालं, बोईसरच्या रसायनांनी पोराचं आतडं जळलं. कुणी म्हणालं, माळ घातली. पण भिमीमावशीने दुधी प्रत्यक्ष पाहिला होता, त्यामुळे तिच्या मताला वजन. तिचं म्हणणं, मच्छीमाराचं पोर मासळी सोडतं ते एकाच कारणाने. बोईसरला कुठल्यातरी शाकाहारी घरातली पोरगी गाठलीय, आणि तिच्याच घरचा डबा येतो. शिवाय वॉचमनने तिला मोठ्या आदराने सांगितलं होतं, “साहब रोज शाम को चप्पल बाहर निकाल के अंदर बैठते हैं. काँच पे परदा लगा के.”

परदा मी लावायचो, हे खरं. पापलेट कुणाला दिसू नये म्हणून.

आठ दिवसांनी निरोप आला तो आईच्या हातात. लग्नाची तारीख पुढे ढकलायची काय, यावर बोलायला गजामामा येणार होते. आईने तो निरोप मला सांगितला आणि मग रडली. म्हणाली, “कोन असंल ती, मना सांग. मी दुधी खाईन.” आमची आई दुधी खायला तयार झाली होती. त्या क्षणी मी सगळं सांगायला हवं होतं की नाही? मी म्हटलं, “आये, आठ दिवस थांब. फक्त आठ दिवस.” म्हणजे तिचा संशय होता तोही पक्का झाला.

मी ठरवलं, आता खेळ संपवायचाच. त्या सोमवारी पाच वाजता साहेब निघाले, मी चपला काढल्या, परदा ओढला आणि बसलो. होडी हलत होती, जाळं पडत होतं, पापलेट चिऱ्यांसकट पोहत होतं. जाळ्यात सापडलं की माझी ती पीं पीं चाल वाजत होती. पण अजून गुण मोजायचे राहिले होते. दुसरी फेरी राहिली होती. वादळ, शार्क, दीपस्तंभ, सगळंच राहिलं होतं. मी कपाळाला हात लावून यादी करत होतो, आणि दार उघडलं.

दारात गजामामा. त्यांच्या मागे जयश्री. तिच्या मागे, टोपली डोक्यावर घेतलेली भिमीमावशी. वॉचमनने त्यांना मानाने आणून सोडलं होतं. जाता जाता म्हणाला, “चप्पल बाहर.”

गजामामांनी चपला काढल्या. आत आले. टेबलाखाली बघितलं, कपाटामागे बघितलं. एसीच्या मागेसुद्धा बघितलं, तिथे माणूस मावणार नाही हे दिसत असून.

“कुठं हाय ती?”

“कोण?”

“तुझी दुधीवाली.”

माझा हात बटणावर होता, तो घाबरून दाबला गेला. पडद्यावर जाळं पडलं, पापलेट सापडलं, आणि खोलीभर पीं पीं पीं वाजलं.

तिघंही पडद्याकडे बघू लागली.

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. खेळ, दसरा, मिश्राजींचे चाचा, शपथ, दुधी. सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं की मी काय बोलतोय. सत्तावीस वर्षांचा माणूस, नोकरी असलेला, साखरपुडा झालेला, आणि लग्न मोडायची पाळी आली ती एका ठिपक्यांच्या पापलेटापायी. कान गरम झाले माझे. भिमीमावशीने टोपली खाली ठेवली आणि टोपलीच्या शेजारीच बसली.

“म्हंजे पोरगी नाय?” तिने विचारलं. आवाजात जरा निराशा होती.

“नाही.”

गजामामा पडद्याच्या अगदी जवळ गेले. आता हे ठोकणार, माझी खात्री झाली.

“ह्ये जाळं बोंबलाचं हाय,” ते म्हणाले. “पापलेटाला असलं जाळं नाय टाकत.”

“हो का?”

“आनि पापलेट असं एकलं फिरत नाय. थवा असतो. आनि भरती कुठं हाय? पानी असं एका जागी उभं? ओहोटीला तुझी होडी चिखलात बसंल.”

मी पेन्सिल घेतली. भरती लिहिलं. ओहोटी लिहिलं. थवा, वारा, बर्फाची पेटी. गजामामा सांगत होते, मी लिहीत होतो, आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण मला इतका आनंद झाला होता की लग्न, तारीख, समोर उभी जयश्री, सगळं विसरलो. काय खेळ होईल! अजून फार तर एक वर्ष लागेल!

“बाबा, तुमी गप ऱ्हावा,” जयश्री म्हणाली.

आत आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली होती. बालवाडीत पस्तीस पोरं एका वाक्यात खाली बसवायचा तिचा तो आवाज. गजामामा गप्प. मीही पेन्सिल खाली ठेवली.

“ह्याच्यात आता काय होतं, तेवढं सांगा,” ती मला म्हणाली.

“पापलेट येतं. जाळं टाकायचं. सापडतं.”

“मग?”

“मग काही नाही. पुढचं लिहायचं राहिलंय. गुण, दुसरी फेरी...”

“सापडलं ना?”

“सापडलं.”

“माझे बाबा मासळी सापडली की घरी येतात,” ती म्हणाली. “तुमी का नाय येत?”

तिने बटणांकडे बोट दाखवलं.

“लिवा खाली, संपला म्हनून.”

“अगं, पण असा कसा संपेल? वादळ तर आलंच नाही.”

“वादळ गेला महिनाभर आमच्या घरात हाय. माझी आय जेवली नाय त्या दिवशी. मी रातभर विचार केला, माझ्यात काय कमी हाय. ते सगळं ह्या पापलेटासाठी?” तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नव्हता. “लिवा.”

बेसिकमध्ये शेवटची ओळ फार छोटी असते. एक नंबर, आणि पुढे ‘एंड’ हा इंग्रजी शब्द, तीन अक्षरांचा. मी ती ओळ टाकली. दहा सेकंद लागले असतील. वर्षभर जे काम छातीवर बसलं होतं ते तीन अक्षरांचं निघालं, आणि ती अक्षरं लिहायचं धाडस मला बालवाडीच्या बाईंनी दिलं. मला लाज वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं, दोन्ही एकदम.

गजामामा पुढे झाले. “बघू,” म्हणाले. एका बोटाने, बोटीचं सुकाणू दाबावं तसं बटण दाबलं. जाळं पडलं, पापलेट सापडलं, पीं पीं झालं, पडदा काळा.

“संपलं?”

“संपलं, मामा.”

“पुना लाव.”

चौदा वेळा लावला. बस निघून गेली तरी उठेनात. चौदापैकी तीन वेळा त्यांचं पापलेट निसटलं, तेव्हा मात्र म्हणाले, “तुझ्या मशिनीत खोट हाय.” भिमीमावशीनेही एकदा दाबून बघितलं आणि मला विचारलं, ह्ये पापलेट चिरून का ठेवलंय? मी म्हटलं, भूक लागली होती. ती टोपलीकडे बघून म्हणाली, “मग आता घे की, येड्या.”

त्या संध्याकाळी आमच्या घरी आईने पापलेटं तळली. मी किती खाल्ली ते सांगत नाही, पण आई मध्येच एकदा माझ्या कपाळाला हात लावून गेली. तारीख ढकलायचा विषय कुणी काढला नाही. निघताना गजामामा म्हणाले, “काळजी नको, तुझ्या सायबाच्या कानावर काय जात नाय. मी कोनाला सांगायचा नाय.” आणि त्यांनी शब्द पाळला. साहेबांना सोडून बाकी सगळ्यांना सांगितलं.

डिसेंबरात लग्न झालं. दातिवऱ्याच्या दारातल्या मांडवात सगळा गाव. माझ्या बाजूने कारखाना, त्यात साहेबसुद्धा आलेले, पहिल्या रांगेत, या खेपेला बूट घालून. गावातला जो तो पुढे येऊन मला निरखून बघत होता आणि तोंडाला पदर किंवा रुमाल लावून मागे सरकत होता. तरी मी म्हटलं, चला, निभावलं. मग बायकांनी जयश्रीला घेरलं. नाव घे, नाव घे. नवरीने उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं, ही तर रीतच. चांदी, सोनं, तुळस, असलं काहीतरी म्हणेल, म्हणून मी मान ताठ करून बसलो. जयश्रीने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा साहेबांकडे, पदर सारखा केला आणि त्या बालवाडीच्या आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं, नाव घेतलं:

“बाबांच्या जाळ्यात मासळी येते रोज मणभर,
हरेशरावांना एक पापलेट धरायला लागलं वर्षभर.”